हुदासचं उट्टं

आनिसेतोने पायडलचं यंत्र टाचेने असं ढकललं, की ते फरशीवरून घसरत जाऊन नर्स जोव्हेलिनच्या बुटांना टेकलं.

"सायकल कुणाला शिकवतेस? आम्ही इथे रक्त धुवायला येतो, शर्यतीला नाही."

"काका, खुर्चीत रेलून चालवायचंय. सुईचा हात हलवायचा नाही, एवढंच. पाय तर मोकळे आहेत ना?"

"मोकळे नाहीत. निवृत्त झालेत."

जोव्हेलिनने यंत्र उचलून भिंतीशी ठेवलं. पायांबद्दल आनिसेतो खोटं बोलत नव्हता. डायलिसिस लागल्यापासून ते काड्यांसारखे झाले होते. झोपेत पोटऱ्यांना गोळे यायचे. न्हाणीघरापर्यंत जायलासुद्धा मुलगी पुरिंगचा खांदा लागायचा. चर्चच्या पायऱ्या त्याने परमेश्वराची माफी मागून सोडल्या होत्या. मूत्रपिंडं बिघडली, त्यांना डॉक्टर होता. बाकीचं जगणं बिघडलं होतं, त्याचा डॉक्टर कुठे बसतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि भिंतीला धरत धरत एक नवा रुग्ण आत आला.

"अरे! हुदास!"

सगळ्या खुर्च्यांवरच्या माना वळल्या. आनिसेतोने डोळे मिटून घेतले. हा आवाज त्याने नरकातही ओळखला असता, आणि तिथेच पुन्हा ऐकायला मिळेल अशी त्याची अपेक्षा होती.

तो देमेत्रियो होता. तरुणपणी गावच्या पवित्र सप्ताहातलं नाटक तोच बसवायचा. एका वर्षी येशूची भूमिका आनिसेतोला मिळणार हे सगळ्या गावाने धरलं होतं. त्याने नाताळपासून दाढी वाढवली होती. देमेत्रियोने ऐन वेळी झगा स्वतः चढवला आणि आनिसेतोला म्हणाला, "तू हुदास कर, येशूला विकणारा तो शिष्य. तुझ्या चेहऱ्याला शोभेल." आनिसेतोने रागारागात येशूचा असा घात केला, की पुढच्या रांगेतल्या बायकांनी त्याच्यावर चपला फेकल्या. नाटक संपलं, नाव चिकटलं. पोस्टमन हुदास म्हणायचा, केस कापणारा हुदास म्हणायचा. लग्नात खुद्द पाद्रीबाबांची जीभ घसरली होती, आणि नवरी हसली होती.

वर कडी म्हणजे, पुढे बायकोच्या हट्टापायी हाच देमेत्रियो पुरिंगचा धर्मपिता झाला. त्यामुळे रीतीप्रमाणे दोघांनी एकमेकांना जन्मभर 'पारे' म्हणणं आलं. शिवी द्यायची तरी आधी नातं लावायचं.

देमेत्रियो शेजारच्याच खुर्चीत बसला. सुया टोचून झाल्या. त्याची नजर भिंतीकडे गेली.

"पोरी, ते काय आहे?"

"बसून चालवायची सायकल. पायांत बळ येतं, काका. थकवा कमी होतो."

"आण इकडे."

"ते माझं आहे," आनिसेतो म्हणाला.

जोव्हेलिनने त्याच्याकडे पाहिलं. मग यंत्र त्याच्या पायांशी आणून ठेवलं. त्या दिवशी आनिसेतोने पायडल इतकं फिरवलं, की तिला दोनदा त्याचा रक्तदाब बघावा लागला आणि एकदा ओरडावं लागलं.

पुढच्या आठवड्यात तिने कुठून तरी दुसरं यंत्र पैदा केलं. तिथून खरी गंमत सुरू झाली. दोघांनाही पाणी मोजून मिळायचं, पण एकमेकांना पाण्यात पाहायला तेवढं पुरायचं.

"पारे, तुझं पायडल रडतंय. तेल घाल."

"रडत नाहीये, पारे. तुला बघून हसतंय."

"चढावर माझं घर आहे. रोज चढतो मी. तुला जमेल?"

"जमेल. तुझ्या मयताला येईन ना, तेव्हा बघ. काठीशिवाय येईन. सगळ्या पायऱ्या चढून येईन आणि पेटीतल्या तुझ्या तोंडाकडे बघून हसेन."

"मी आधी मेलो तर ना!" देमेत्रियो म्हणाला, आणि वेग वाढवला.

आनिसेतोने हा शब्द गाठीला बांधला. घरी तो खुर्चीतून हात न टेकता उठायला लागला. सकाळी अंगणात चालायला लागला, मग गल्लीत, मग चौकापर्यंत. पोटऱ्यांचे गोळे कमी झाले. एका रविवारी तो चर्चमध्ये दिसला तेव्हा पाद्रीबाबांना वाटलं, हुदासला पश्चात्ताप झाला. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. तो पायऱ्यांचा सराव करत होता.

"बाबा, तुम्ही हल्ली किती छान दिसता," पुरिंग म्हणाली.

"सूड आहे तो," आनिसेतो म्हणाला आणि भाताचा दुसरा घास घेतला.

मग एका सोमवारी शेजारची खुर्ची रिकामी राहिली. जोव्हेलिनने दोन्ही यंत्रं बाहेर आणलीच नाहीत, तेव्हा त्याला कळलं.

"झोपेतच, काका," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "माझं यंत्र आण." ते आणल्यावर मात्र त्याने पाय नुसते वर ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरिंग ट्रायसिकल रिक्षा घेऊन आली. देमेत्रियोच्या घराच्या चढाशी आनिसेतोने गाडी थांबवायला लावली, काठी सीटवर ठेवली आणि पायऱ्या चढायला लागला. पुरिंगने हात पुढे केला, तो त्याने झटकला. मध्ये दोनदा उभा राहिला, पण बसला नाही. ठरल्याप्रमाणे वर पोचला. मयतापाशी जागायला आलेले शेजारीपाजारी रिवाजाप्रमाणे पत्ते खेळत होते, कॉफी पीत होते. "हुदास आला," कुणीतरी म्हणालं.

तो पेटीपाशी गेला. काचेखाली देमेत्रियो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पडला होता. आनिसेतोने हसण्यासाठी तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. मग त्याने काचेवर बसलेली माशी हाकलली.

देमेत्रियोची बायको बासिलिसा शेजारी येऊन उभी राहिली.

"पायऱ्या चढून आलात?"

"हो."

"तेही तुमच्याबद्दल हेच म्हणायचे. 'त्याच्या मयताला मी नाचत जाईन' म्हणायचे. रोज सकाळी खुर्चीला धरून पाय उचलायचे, दात ओठ खात." ती डोळे पुसत हसली. "डॉक्टरांनी सहा महिने दिले होते. दोन वर्षं काढली."

जाताना आनिसेतोने कुणाचा निरोप घेतला नाही. मयताच्या घरी घ्यायचा नसतोच.

खाली येऊन पुरिंगने त्याला गाडीत बसवलं आणि ती ड्रायव्हरला म्हणाली, "आधी बेकरीपाशी थांब. पाव घेऊ, जरा टेकू."

हे सांगायचीही गरज नव्हती. मयताच्या घरून उठून कुणी थेट आपल्या घरी जात नाही. वाटेत कुठेतरी टेकायचं असतं. गेलेला माणूस मागे लागलाच, तर तो तिथेच रेंगाळतो, आपला उंबरठा ओलांडत नाही. बेकरीत नेहमी दोनतीन काळे कपडेवाले पाव चावत बसलेले असत, ते यासाठीच.

"बेकरी नको," आनिसेतो म्हणाला. "सरळ घरी चल."

ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. पुरिंगने छातीवर क्रूस काढला.

"बाबा, असं काय करता? ते मागे येतील ना!"

आनिसेतोने मागच्या रस्त्याकडे एकदा पाहून घेतलं.

"येऊ दे," तो म्हणाला. "आणि गाडी जरा हळू घ्यायला सांग. त्याला धाप लागते."