क्लचबाईंच्या गाडीतली बॅटरी

मित्रांनो, बॅटरीच्या दुकानाच्या मागच्या दाराशी लोखंडी फळ्यांची एक मांडणी आहे. कामातून गेलेल्या बॅटऱ्या तिथे ठेवतात. सगळ्यात खालच्या फळीवर हँडल तुटलेली जी बॅटरी दिसते ना, ती मी. जुनं शिसं वितळवणाऱ्या कारखान्याची गाडी आली की मला नेतील. तोवर सवड आहे, म्हणून माझी हकिगत सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. शिशाच्या जाळीदार पट्ट्या माझ्या सहा कप्प्यांत दाटीवाटीने बसवल्या, त्यात पातळ केलेलं आम्ल ओतलं आणि मला पहिल्यांदा चार्ज केलं. दिसायला मी एक साधा काळा डबा. वजन मात्र असं, की उचलणारा आधी हसत येतो आणि मग कमरेवर हात ठेवून उभा राहतो.

या दुकानात आले तेव्हा मी दर्शनी भागात होते. एका सकाळी एक उंच, खणखणीत आवाजाची बाई आली. ती गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर "क्लच, क्लच दाबा!" असं ओरडून ओरडून तिचं नावच क्लचबाई पडलं होतं, आणि तिला ते आवडायचंही.

"काका, सगळ्यात मोठी बॅटरी द्या," ती म्हणाली. "आमच्या गाडीला शिकणाऱ्यांचा फार मार असतो."

"मोठी घेऊन ठेवणार कुठे, मांडीवर?" दुकानदार म्हणाला. "बॅटरी जागेत घट्ट बसायला हवी. प्लसचं टोक कुठल्या बाजूला आहे तेही बघावं लागतं, नाहीतर वायर पोचत नाही. आणि ताकद गाडीच्या पुस्तकात दिलीय तेवढी तरी हवीच."

"मग ताजी द्या. बनल्याची तारीख दाखवा."

समोर एक चकचकीत स्टिकरवाली बॅटरी होती, पण ती बरेच महिने पडून होती. मी नवी होते. क्लचबाईंनी मला निवडलं.

मित्रांनो, शिकाऊ गाडीतलं काम सोपं नसतं. शिकणारा क्लच पटकन सोडतो, गाडी आचका देऊन बंद पडते, आणि पुन्हा चालू करायला मला जोर लावावा लागतो. इंजिन चालू असताना ते मला वीज परत देतं खरं, पण गाडी सारखी बंद पडत असेल तर देणार कधी? क्लचबाईंना हे ठाऊक होतं. म्हणून दिवसाचे वर्ग संपले की त्या गाडी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर लांबवर नेऊन आणायच्या. दर थोड्या दिवसांनी बॉनेट उघडून माझी टोकं पुसायच्या, वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायच्या.

या फेरीत त्यांच्या सासूबाई मागच्या सीटवर असायच्या. नवरा जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरात या दोघीच. घरात दोघींचं बोलणं कामापुरतं. गाडीत मात्र सासूबाईंची जीभ सैल व्हायची. एका संध्याकाळी त्या एकदम म्हणाल्या, "मला शिकवतेस का गं?"

"काय, आई?"

"गाडी. इतकी वर्षं मागे बसून तुझं ओरडणं ऐकतेय. अर्धं तर पाठ झालंय."

क्लचबाई हसल्या नाहीत. गाडी कडेला घेतली, उतरल्या आणि जागा बदलली.

मग माझी चार्जिंगची फेरी संपलीच म्हणायची. सासूबाई गाडी इतक्या वेळा बंद पाडायच्या, की क्लचबाई कपाळाला हात लावायच्या. "अहो आई, क्लच म्हणजे काय झुरळ आहे का, झटकन पाय काढायला?" पण सासूबाई हट्टी. शिकल्या, परीक्षा दिली, लायसन्स आणलं. तरी एकटीने गाडी काढायची म्हटलं की हात वर करायच्या. शेजारी क्लचबाई हव्यातच, कारण त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच होता.

त्यानंतर क्लचबाई ओल्या जिन्यावरून घसरल्या. डाव्या पायाचं हाड मोडलं. पाय प्लास्टरमध्ये गेला आणि वर्ग बंद झाले.

मी गाडीत होते तिथेच राहिले. पहिले काही दिवस मला विश्रांती बरी वाटली. पण उभ्या गाडीतही घड्याळ आणि चोराची सूचना देणारा भोंगा माझ्याकडून थोडी थोडी वीज घेतच असतात. देणारी मी एकटी, भरून देणारं कुणी नाही. काचांवर धुळीचा थर बसला. माझ्या टोकांवर पांढरी हिरवी बुरशीसारखी पूड जमली. सासूबाई रोज गाडीला वळसा घालून भाजी आणायला चालत जायच्या. त्यांचीही ओढाताण चालली होती. घर, दवाखाना, सुनेचं सगळं त्याच बघत होत्या. माझी आठवण कुणाला येणार?

एका सकाळी क्लचबाईंचा पाय मांडीपर्यंत सुजला आणि त्यांना धाप लागायला लागली. रुग्णवाहिकेला फोन केला, तर गाडी लांब आहे, वेळ लागेल, असं उत्तर आलं. सासूबाईंनी शेजारणीच्या मदतीने सुनेला मागच्या सीटवर आडवं केलं, पुढे बसून किल्ली फिरवली.

टक. टक टक.

माझ्यात जेमतेम समोरचे दिवे मिणमिणतील एवढाच जीव होता. सासूबाईंनी पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा तेच.

"बॅटरी उतरलीय," क्लचबाई मागून धापा टाकत म्हणाल्या. "ढकलून चालू करायची. घाबरू नका."

समोर लाँड्री होती. इस्त्री करणाऱ्या बायका हातातली कामं टाकून धावल्या आणि गाडीच्या मागे उभ्या राहिल्या.

"किल्ली चालू ठेवा. दुसरा गिअर. क्लच पूर्ण दाबून ठेवा," क्लचबाई सांगत होत्या. गाडी हलली. बायका "जोर लावा गं!" म्हणत पळायला लागल्या. "अजून नाही, आई... अजून नाही... सोडा!"

सासूबाईंनी पाय उचलला. गाडीला एक जबरदस्त हिसका बसला आणि इंजिन घरघरलं.

"आता ऐका," क्लचबाई म्हणाल्या. "ही बंद पडू देऊ नका. पडली तर पुन्हा चालू होणार नाही."

त्या अवधीत माझी काय अवस्था झाली असेल, कल्पना करा. इंजिन मला थोडं थोडं भरत होतं, पण तेवढ्याने काय होणार? चौकात सिग्नल लागला. मागून हॉर्न वाजायला लागले. हिरवा दिवा झाला, आणि सासूबाईंनी क्लच इतक्या बेताने सोडला, की गाडी कुरकुर न करता पुढे निघाली. पुढे पुलाचा चढ होता. चढावर समोरची बस थांबली. सासूबाईंनी हँडब्रेक ओढला, पायाखाली इंजिनची थरथर जोखली आणि गाडी इंचभरही मागे जाऊ दिली नाही.

"आई," मागून बारीक आवाज आला, "छान."

"तू बोलू नकोस. श्वास घे," सासूबाई म्हणाल्या. आवाज रडवेला होता, हात मात्र स्थिर.

गाडी दवाखान्याच्या दारात पोचली. स्ट्रेचर आलं. सून आत गेल्यावरच सासूबाईंनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बराच वेळ बसून राहिल्या.

पायातली रक्ताची गुठळी छातीकडे सरकली होती. वेळेवर आणलंत म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. हे मला नंतर कळलं, सासूबाई दुकानदाराला सांगत असताना.

मला दुकानात आणून सावकाश पूर्ण चार्ज केलं, तपासलं. पण बॅटरी फार दिवस उतरलेली राहिली, की तिच्या पट्ट्या निबर होतात आणि मग त्या पुरेशी वीज धरत नाहीत. "हिच्या नादी लागू नका," दुकानदार म्हणाला. यावेळी नवी बॅटरी सासूबाईंनी निवडली. तारीख, टोकाची बाजू, ताकद, सगळं चष्मा लावून पाहिलं. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "हिला कचऱ्यात टाकू नका हं," दुकानदाराला म्हणाल्या.

त्याची मला काळजी नाही. माझं शिसं वितळून पुन्हा बॅटरीतच जाईल. आम्हाला उकिरड्यावर फेकलं, तर मात्र आमच्यातलं आम्ल आणि शिसं मातीत आणि पाण्यात उतरतं. तसं कुणी करू नका.

मित्रांनो, घरच्या मोठ्यांना सांगा, गाडी अधूनमधून लांबवर फिरवून आणा, बॅटरीची टोकं स्वच्छ ठेवा, आणि इंजिन कण्हायला लागलं की वेळेवर दाखवून घ्या. आणखी एक तुम्हाला सांगते. तुमच्या गल्लीत एखादी गाडी खूप दिवस धूळ खात उभी दिसली, तर तिच्या काचेवर बोटाने नाव काढून पळू नका. त्या घराचं दार वाजवा. गाडी अडून राहते, तेव्हा बहुतेक वेळा आत कुणीतरी माणूस अडलेलं असतं.