बंद प्रयोगशाळेतला वजनकाटा

मित्रांनो, जरा हळू बोला. मी रसायनशास्त्र विभागातला एक जुना वजनकाटा आहे आणि माझ्यासमोर कोणी जोरात श्वास सोडला तरी माझा आकडा हलतो. भाजीवाल्याच्या काट्यात आणि माझ्यात फरक आहे. तो किलोत बोलतो, मी ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागापर्यंत जातो. म्हणून मला काचेच्या पेटीत, दगडी ओट्यावर, एका वेगळ्या छोट्या खोलीत ठेवलं आहे. तिला सगळे वजनखोली म्हणतात.

माझ्या घडणीतली एक गोष्ट आधीच सांगतो. ज्यांनी मला बनवलं त्यांनी मला दोन-दोनच्या पावलांनी मोजायला शिकवलं. त्यामुळे माझा चौथ्या दशांशस्थळाचा आकडा नेहमी सम येतो. शून्य, दोन, चार, सहा, आठ. तीन किंवा सात मी तिथे आजवर दाखवलेला नाही. नवे काटे एकेक पाऊल मोजतात. मला ते जमत नाही आणि आता या वयात जमणारही नाही.

बावीस वर्षं मी काम केलं. हजारो मुलांनी माझ्या पारड्यावर मूस ठेवली, म्हणजे ती चिनीमातीची छोटी वाटी, आणि श्वास रोखून माझ्याकडे पाहिलं. प्रयोगशाळा सांभाळणारे काका रोज सकाळी माझी पातळी तपासत, ब्रशनं पारडं झाडत आणि शेजारची वही उघडत. प्रत्येक वजन त्या वहीत लिहायचं, तारीख घालून, आणि खाली काकांची सही. वहीत नाही ते वजन झालंच नाही, असा आमच्या विभागाचा रिवाज. माझं कौतुकही खूप झालं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणायचे, "म्हातारा अजून खरं बोलतो."

मग साथ आली आणि एका सकाळी कोणीच आलं नाही. काका अडीच महिन्यांनी आले, तेही पासवर. विभागाचं सगळंच बदललं होतं. शिकवणं पडद्यावर गेलं. कर्मचारी दिवसाआड येऊ लागले. एका खोलीत एकच माणूस, असा नियम झाला. आमच्याच प्रयोगशाळेत हात धुण्याचं द्रव बनवून ते साऱ्या इमारतीत वाटलं गेलं. कोणी उत्साहानं त्याच द्रवानं मलाही पुसलं आणि माझ्या बटणांवरची अक्षरं उडाली. कोणतं बटण कशाचं, हे आता फक्त काकांच्या बोटांना माहीत आहे.

सगळ्यांत अवघड होते ते प्रात्यक्षिकाचे तास. अठ्ठेचाळीस मुलं आपापल्या घरी आणि प्रयोग इथे. ते काम मॅडमकडे आलं. मॅडम विभागात सर्वांत नव्या, तात्पुरत्या नेमणुकीवरच्या. महिनाअखेर त्यांच्या मुदतवाढीचा कागद निघायचा होता. घरी सासूबाई एका खोलीत आजारी, मुलीची शाळा एकुलत्या एका लॅपटॉपवर. रात्रीची झोप त्या विभागात येऊन, माझ्याशेजारच्या स्टुलावर बसल्या बसल्या काढायच्या.

प्रयोग सोपा होता. निळा मोरचूद तोलायचा, भट्टीत तापवायचा, त्यातलं पाणी उडून तो पांढरा पडला की पुन्हा तोलायचा. किती पाणी गेलं ते काढायचं. काकांनी एक मूस तोलून, तापवून त्याचं चित्रीकरण मॅडमना दिलं. प्रत्येक मुलाला वेगळे आकडे हवे होते, नाहीतर सगळे एकमेकांचं उत्तर उतरवणार. सोमवारी दुपारी मॅडम माझ्यासमोर बसल्या आणि उरलेल्या सत्तेचाळीस मुलांचे आकडे त्यांनी लॅपटॉपवर मनानंच घातले. मी शेजारीच होतो. बंद होतो. आकडे मुलांना गेले. शुक्रवारपर्यंत गुण द्यायचे होते.

बुधवारी काका आले, नोंदी लावण्यासाठी त्या आकड्यांचे कागद छापून घेतले आणि चष्म्यावरची वाफ पुसून ते दारात उभे राहिले.

"मॅडम, रागावणार नसाल तर बोलू?"

"बोला ना काका."

"हे आकडे ह्याचे नाहीत."

"मग कोणाचे?"

"ते तुम्हालाच माहीत. हा शेवटी तीन बोलत नाही, सात बोलत नाही. इथं तर सात-नऊची नुसती जत्रा भरलीय."

मॅडमनी कागदावरचे शेवटचे आकडे बोटानं एकेक तपासले. एवढं शिकून हेच नजरेतून निसटलं होतं. "विषमचे सम करते," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटांचं काम आहे. कोणाला कळणारही नाही."

"करा की. तुम्हाला कोण अडवतंय? फक्त वहीत एकाच मुशीची वजनं आहेत. मी दुसरी लिहिणार नाही. बाकी तुम्ही बघा."

मॅडमनी विभागप्रमुखांना फोन लावला. फोन ओट्यावर होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. "अहो बाई, जग बंद पडलंय आणि तुम्ही चौथ्या दशांशाचं काय घेऊन बसलात? माझ्या घरी तिघं तापानं पडलेत. शुक्रवारी गुण पाठवा. नाही आले तर मुदतवाढीच्या कागदावर मी काय लिहू, तुम्हीच सांगा."

फोन ठेवल्यावर त्यांनी मुलांना निरोप लिहिला आणि पाठवण्याआधी काकांना वाचून दाखवला. "सोमवारचे आकडे मी मनाने घातले होते. चूक माझी. ते खोडा. तुमची वजनं आजपासून खरोखर होतील."

"पाठवू?"

"पाठवा. मी मुशी धुतो."

मित्रांनो, त्यानंतरचे चार दिवस मी आयुष्यात सर्वांत जास्त दमलो. मॅडम पलीकडे भट्टीच्या खोलीत, काका माझ्याजवळ, मुलं मोबाइलच्या पडद्यात. दिवसाला बारा मुशी. खिडक्या उघड्या ठेवा, असा साथीचा नियम होता, आणि वारा लागला की मी भरकटतो. म्हणून काका खिडकी लावत, वजन होईपर्यंत श्वास धरत, मग खिडकी उघडून तिथेच धापा टाकत.

"नंबर एकोणीस, तुझी मूस. बघतोयस ना?"

"काका, तुमचं फक्त कपाळ दिसतंय."

"कपाळ तोलायचं नाहीये. हं, आता?"

"आता काटा दिसतोय. काका, आकडा थांबतच नाहीये!"

"थांबेल. त्याचं वय झालंय. तू थांब जरा."

कधी आवाज तुटायचा, कधी वीज जायची आणि सगळं पहिल्यापासून करावं लागायचं. नंबर तेहेतीसची मूस भट्टीत तडकली, तर मॅडमनी त्याला दुसरी घेऊन दिली. बुधवार, शुक्रवार, सोमवार आणि पुन्हा बुधवार. त्या दिवशी शेवटचा पांढरा मोरचूद माझ्यावरून उतरला. गुण गुरुवारी गेले, सहा दिवस उशिरा.

मुदतवाढ झाली नाही. कागदावर 'कामास विलंब' एवढंच होतं. ते खोटं नव्हतं, म्हणून त्यावर भांडताही येईना.

मॅडम किल्ली परत द्यायला आल्या. "काका, तुमच्यामुळे नोकरी गेली असं सांगू का घरी?"

"सांगा. सासूबाईंना माझं नाव तरी कळेल."

त्या हसल्या. जाताना त्यांनी माझ्यावर कापड घातलं, तेही उलटं. काकांनी ते तसंच राहू दिलं.

पुढच्या वर्षी दारं उघडली. त्या अठ्ठेचाळिसांतली एक मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. पदवीचं शेवटचं वर्ष, आणि चिमटा हातात पहिल्यांदाच. ठेवताना मूस पारड्याला तीनदा लागली. तिनं आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि वही स्वतःकडे ओढली. मी काही फार मोठं काम केलं असं मला वाटत नाही, पण त्या क्षणी दमणूक थोडी हलकी झाली.

आता शेजारी नवा काटा आला आहे. माझ्याकडे कोणी फारसं येत नाही. माझं मागणं थोडंच आहे. गरम मूस माझ्यावर ठेवू नका, ती निवू द्या. पारडं झाडून जा. दमला असाल तर दमलो म्हणा, उशीर झाला तर झाला म्हणून लिहा. आणि वजन झालंच नसेल, तर ती जागा कोरी सोडा. कोरी जागा नंतर भरता येते.