जसं बोलले तसं

"ताई, हे कानात घालायचं की कानावर ठेवायचं?" धाकटीने हेडफोन उचलून मला विचारले, तेव्हा माझे अर्धे पान टाइप करून झाले होते.

"कानावर. आणि आता बोलू नकोस," मी म्हणाले.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. ती नोकरीची परीक्षा द्यायला आलीच नव्हती. दर वेळी एकटीने नकार घेऊन घरी परतायचा मला कंटाळा आला होता, म्हणून तिला सोबत आणलेली. तिथल्या मॅडमनी तिला कोपऱ्यात नुसते बसलेले पाहिले आणि एक मशीन रिकामेच आहे, तुम्हीही देऊन बघा, असे सहज म्हणाल्या. ती बसलीसुद्धा. एकेक अक्षर शोधून काढत होती, तांदळातले खडे वेचावेत तसे. माझे काम आटोपले, मी हात मांडीवर ठेवले, तरी तिचे टकटक चालूच होते. मला तिची दया आली. हे मुद्दाम सांगते, कारण त्यानंतर पुष्कळ दिवस मला तिच्याबद्दल दया वगैरे काही वाटले नाही.

मी चोवीस वर्षे एका वकीलसाहेबांकडे स्टेनो होते. ते बोलायचे, मी लघुलिपीत उतरवून घ्यायचे आणि मग टाइप करायचे. साहेब येरझाऱ्या घालत बोलत. त्यांचे वाक्य एका गावी सुरू होई आणि भलत्याच गावी संपे, कधी कधी संपतही नसे. मधेच चहा मागवत, मधेच समोरच्या पक्षाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. कागदावर मात्र सगळे शहाण्यासारखे यायचे. पहिल्या वर्षी एकदा मी त्यांचे बोलणे होते तसे टाइप केले, तर त्यांनी कागद परत दिला. "मी काय बोललो ते नको. मला काय म्हणायचं होतं ते लिही." पुढची तेवीस वर्षे मी तेच केले. त्यांना काय म्हणायचे आहे हे त्यांच्याआधी मला कळू लागले होते, आणि याचा मला गर्व होता.

साहेब गेले. त्यांच्या मुलाने ऑफिस हाती घेतले. तो यंत्रापुढे बोलतो आणि यंत्र लिहिते. त्याने मला एक भिंतीवरचे घड्याळ देऊन निरोप दिला. त्यानंतर सात महिन्यांत अकरा मुलाखती झाल्या. वय सांगितले की समोरचा माणूस एकदम प्रेमळ होऊन चहा विचारी, त्यावरून निकाल कळायचा. एका पोरसवदा साहेबाने तर "स्टेनो म्हणजे नेमकं काय हो मॅडम?" असे इतक्या आदराने विचारले, की मला माझाच फोटो भिंतीवर दिसू लागला.

ही बारावी जागा. विम्याचे दावे तपासणाऱ्या कंपनीतली. आग लागली, चोरी झाली, की ही कंपनी लोकांचे जबाब फोनवर रेकॉर्ड करते. ते ऐकून टाइप करायचे. जागा एकच होती, आणि जाहिरात वाचल्याबरोबर मी घरात सांगून टाकले होते, "ही माझीच." ऐकून लिहिण्यात माझा हात कोण धरणार?

मॅडमनी आमची दोन्ही पाने शेजारी शेजारी ठेवून वाचली.

"तुमचं फार सुंदर आहे," त्या मला म्हणाल्या. "एकही चूक नाही. पण हे तो माणूस बोललाच नाही."

"म्हणजे?"

रेकॉर्डमध्ये गोदामाचा एक रखवालदार बोलत होता. मॅडमनी माझे पान वाचून दाखवले. "'संध्याकाळी सहा वाजता मी फेरी मारली. त्या वेळी गोदामाचे दार बंद होते.' आता हे ऐका." त्यांनी धाकटीचे पान उचलले. "'म्हणजे मी, अं, फेरी मारली ना, सहाला असेल. दार बंद. म्हणजे असतंच ते बंद. बंदच असणार.'" त्यांनी चष्मा काढला. "हा दार बघायला गेलाच नव्हता. हिच्या कागदावर ते कळतं. तुमच्या कागदावर त्याने दार बघितलं."

"मी शिकेन," मी म्हणाले.

"शिकाल हो. पण मला माणूस आत्ता हवाय. आमच्याकडे एकच नियम. जसं बोलले तसं." मग त्या धाकटीकडे वळल्या. "तीन महिने बघू. सोमवारी याल?"

धाकटीने माझ्याकडे पाहिले. लिफ्टमध्ये माझा हात धरून म्हणाली, "ताई, मी नाही सांगून येते. जागा तुमची होती."

"वेडी आहेस का? लक्ष्मी टिळा लावायला आली, की कपाळ धुवायला जाऊ नये."

हे तोंडाने म्हणाले. आतून मला तिचा हात झटकून टाकावासा वाटत होता. तिने नोकरी मागितलीसुद्धा नव्हती. मी सात महिने चपला झिजवल्या आणि ती माझ्या पर्सवर लक्ष ठेवायला आलेली बाई, तिला खुर्चीत बसल्या बसल्या मिळाली. तीही कशामुळे, तर काही येत नव्हते म्हणून.

घरी दिरांनी कहर केला. "वहिनी, लग्न तुमचं आणि बोहल्यावर करवली." सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसले. सासूबाईंना मात्र माझे हसणे कळले असावे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "घर एकच आहे गं." मला त्यांचाच जास्त राग आला.

धाकटी कामावर जाऊ लागली. पावणेनऊला निघायची, सहाला यायची. आल्यावर चपला काढता काढता सांगायला सुरुवात. आज एक आजोबा स्वतःच्या सायकलीच्या चोरीचा जबाब देता देता सायकलीचं सबंध चरित्र सांगून गेले. आज एक बाई चाळीस मिनिटं रडल्याच, मग मी नुसतं 'रडतात' असं लिहिलं. घर कान देऊन ऐके. माझा नवरा पेपर खाली ठेवून विचारी, "मग पुढे काय झालं?" चोवीस वर्षांत त्याने मला साहेब आज काय बोलले असे एकदाही विचारले नव्हते. मी भाजी चिरत बसे आणि पुढे काय झाले ते न ऐकण्याचा प्रयत्न करी.

हेवा वाटतो म्हणजे काय होते, ते मला त्या तीन महिन्यांत कळले. तिला बरे नसले की मला बरे वाटायचे. तिची बस चुकली की माझा चहा गोड लागायचा. एकदा ती ऑफिसातून रडवेली आली, तर मी तिला जवळ घेतले, डोके थोपटले, आणि काय झाले ते तीन वेळा पुन्हा पुन्हा सांगायला लावले. काही विशेष नव्हते, कुणीतरी हळू टाइप करते म्हणून बोलले होते. माझी निराशा झाली.

अर्ज मीही करतच होते. एका दवाखान्यात नंबर लावून द्यायचे काम होते, एका शाळेत हजेरीचे. उत्तरे आली नाहीत.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी, एका रविवारी दुपारी, ती ऑफिसचा लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली.

"ताई, एक काम कराल? हे दोन जबाब उद्या द्यायचेत. यांच्यावरच ठरवणार आहेत, मला कायम करायचं की नाही. माझं शुद्धलेखन तुम्हाला माहितीये. तेवढं बघा फक्त. बाकी कशाला हात लावू नका हं."

"नाही लावत बाई. जा तू."

ती सासूबाईंना घेऊन चष्मा बदलायला गेली. पुरुष मंडळी वामकुक्षीत. मी एकटी बसले. पहिला जबाब एका बाईचा होता, स्वयंपाकघरातल्या आगीचा. मी वेलांट्या सुधारल्या, उकार सुधारले. मग एक वाक्य आले, 'गॅस मी, बंद केला असणार, करतेच ना मी रोज.' माझ्या बोटांनी त्याचे 'गॅस मी बंद केला होता' करून टाकले.

इथपर्यंत सवय होती. त्या एका वाक्यापुरती मी देवापुढेही शपथ घेईन. पण मग मी थांबले. बोटे उचलली. काय केले ते मला स्वच्छ दिसत होते, आणि ते पुन्हा होते तसे करायला अर्धे मिनिटही लागले नसते. मी दार लोटून घेतले आणि पुढचे वाक्य घेतले. दोन्ही जबाब मी इतके सुरेख केले, की साहेबांनी पाहिले असते तर सही करताना मान डोलावली असती. दहा महिन्यांत एवढे चांगले काम माझ्या हातून झाले नव्हते. त्या दुपारी मी सुखात होते, हे नाकारून काय उपयोग?

"झालं ताई? देवासारख्या धावून आलात," ती म्हणाली आणि न वाचताच तिने ते पाठवून दिले.

मंगळवारी ती आली ती थेट आपल्या खोलीत गेली. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. मी पाणी घेऊन गेले.

"मॅडमनी रेकॉर्ड लावून सगळं ताडून बघितलं," ती म्हणाली. "मला म्हणाल्या, तू तर जबाबच बदललास. जे ती बोललीच नाही ते तोंडी घालून त्या गॅसवाल्या बाईला खोटं पाडायला निघालीस. शुक्रवारी सांगणार आहेत. बहुतेक नाहीच."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? माझं चुकलं म्हटलं."

"माझं नाव नाही सांगितलंस?"

"तुमचं कशाला? तुमचा हातच तसा झालाय ताई, चोवीस वर्षांची सवय ती. तुम्ही काय मुद्दाम केलंत? पाठवण्याआधी मीच बघायला हवं होतं."

तिने सवय नावाची सबब आयती माझ्या हातात दिली. दोन दिवस मी ती घेऊन बसले. मुद्दाम नाहीच केले, असे स्वतःशी घोकूनही पाहिले. पण ती स्वयंपाकघरात माझ्याशी नेहमीसारखी बोलत होती, माझ्या अर्जांची चौकशी करत होती, आणि मी तिच्याकडे पाठ करून भांडी घासत उत्तरे देत होते. शेवटी गुरुवारी मी तिच्या कंपनीचा सहावा मजला गाठला.

मॅडमनी ओळखले. मी उभ्या उभ्याच सांगितले की ते बदल माझे, तिचे नाहीत.

"सवयीने झालं असेल," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले. मग म्हणाले, "नाही."

त्यांनी एका मशीनकडे बोट केले. "लिहून द्या."

मी बसले. 'सदर जबाबांत झालेल्या बदलांस सर्वस्वी मी जबाबदार असून' एवढे आपोआप उमटले. मी ते पुसले. मग आत जे चालले होते तेच हळू आवाजात बोलत गेले आणि बोलत गेले तसे टाइप करत गेले. 'ती म्हणाली हात लावू नका. मी लावला. आधी सवयीने, म्हणजे एकदा. मग कळलं मला. कळल्यावर पण लावला. तिला नोकरी लागली ना, आणि मला, म्हणजे मला बघवत नव्हतं. ती चांगली आहे. ते पण बघवत नव्हतं.' एवढेच, पण त्याला वीस मिनिटे लागली. चोवीस वर्षांत माझी बोटे इतकी हळू कधी चालली नव्हती.

मॅडमनी ते दोनदा वाचले. आता हे सांगायला मला लाज वाटते, पण त्या वाचत असताना माझ्या मनात आलेच, की आता म्हणतील, हे तर बरोबर जमलं तुम्हाला, या सोमवारपासून.

"हे तिला दाखवावं लागेल," त्या म्हणाल्या. "तिच्या फाइलला लागेल."

"दाखवा."

"आणि तुम्हाला इथे कधीच घेता येणार नाही. समजून घ्याल."

मी समजून घेतले आणि घरी आले.

शुक्रवारी धाकटी कायम झाली. दिरांनी ती आत यायच्या आधीच घरभर सांगितले. संध्याकाळी सगळे एकत्र जेवायला बसले, मी वाढत होते. आल्यापासून तिने माझ्याकडे पाहिले नव्हते, म्हणजे तिने कागद वाचला होता.

"पण ती जबाबांची भानगड कशी निस्तरली?" माझ्या नवऱ्याने विचारले.

माझा हात भांड्यातच राहिला. आता निघणार सगळे, सासूबाईंच्या देखत.

"रेकॉर्डमध्येच काहीतरी गडबड होती," धाकटी म्हणाली. "मॅडमच्या लक्षात आली."

"बघ, मी म्हटलंच होतं, हिची चूक नसणार," सासूबाई म्हणाल्या. दिरांनी लगेच दुसऱ्या कशाचा तरी विषय काढला.

तिच्या जागी मी असते तर त्या ताटावरच सगळे ओकून मोकळी झाले असते, आणि मला ते शोभलेही असते. ती एका वाक्यात मला झाकून पुन्हा जेवू लागली. आणि खरे सांगते, मला त्याचाही हेवा वाटला.

मी भांडे घेऊन तिच्या ताटाशी वाकले. तिने ताटावर आडवा हात धरला.

"पुरे," ती म्हणाली.

एरवी ती 'पुरे ताई' म्हणते. मी पुढे सरकले आणि सासूबाईंना वाढले.