बाराचा पाढा

दुरुस्तीवालीने डिस्क कानाशी धरली, क्षणभर ऐकलं आणि लगेच वायर उपसली.

"काकू, ही टकटक कधीपासून?"

"महिना झाला असेल."

"आणि तुम्ही रोज चालू करत होता?"

काकूंनी चष्मा काढून पुसला. "रोज एकदाच. सकाळी."

"मोडक्या पायाने रोज चालायला लावलंत की तिला."

दुकान म्हणजे एक अरुंद खोली होती. टेबलावर उघडे कॉम्प्युटर, बश्यांतून वेगवेगळे केलेले स्क्रू, आणि बसायला एकच स्टूल. दुरुस्तीवालीने स्टुलावरचे कागद उचलून काकूंना बसायला सांगितलं.

"काय काय हवंय यातलं?"

"बाकी सगळं गेलं तरी चालेल. मुलीचा आवाज आहे."

मुलगी, ठकी, सातव्या वर्षी तापात गेली. त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली होती. मागे एक कॅसेट राहिली होती. वडिलांच्या शेजारी बसून ठकी बाराचा पाढा म्हणत होती. पंचवीस वर्षं ती कॅसेट कपाटाच्या वरच्या खणात पडून राहिली. लावायची हिंमत दोघांनाही होत नव्हती. मग नोकरी संपल्यावर यजमानांनी एकट्यानेच बसून ती कॉम्प्युटरवर उतरवली आणि एका सकाळी काकूंना हाक मारली. बारा एके बारापासून बारा सक बाहत्तरपर्यंत. पुढे काही नाही.

"साती अडायची तिला," ते म्हणाले होते. गेल्या वर्षी तेही गेले.

"मूळ कॅसेट असेल ना?" दुरुस्तीवालीने विचारलं.

"टाकून दिली. फीत गुंतायची. हे म्हणाले, आता काळजी नाही, तीन प्रती ठेवल्यात."

"कुठे?"

काकूंनी डिस्ककडे बोट दाखवलं.

"तिन्ही हिच्यातच?"

"घराची दुसरी किल्ली घरातच ठेवणारा माणूस तो," काकू म्हणाल्या. दुरुस्तीवालीला हसू आलं. काकूंनाही आलं असतं, पण त्यांची नजर डिस्कवरून हलत नव्हती.

"चार दिवसांनी या. शब्द देत नाही हं."

चौथ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच काकू दारात उभ्या होत्या. दुरुस्तीवालीने कुलूप काढलं, त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "एक प्रत उघडतच नाही. दुसरी 'बारा दुणे'पाशी तुटते."

काकूंनी पेला खाली ठेवला.

"तिसरी आख्खी मिळाली. वेगळ्या जागी होती, 'मूळ' असं नाव देऊन. पण ही दीड मिनिटाची आहे."

"आमची अर्ध्या मिनिटाची होती."

"मग बघा तुम्हीच."

छोट्या स्पीकरमधून खरखर आली आणि मग ठकी. बारा एके बारा. जरा घाईत, प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास घेत. काकूंचे ओठ हलू लागले. बारा पंचे साठ. बारा सक बाहत्तर.

तेवढ्यात स्पीकरमधूनच, मागे कुठेतरी भांडं आदळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक बाई कडाडली, "ठके, बंद कर ती कटकट! डोकं उठलंय माझं!"

पाढा थांबला. दुरुस्तीवालीने घाईने बटण दाबलं.

"हे मधलं ओरडणं कापून देते, काकू. कुणाला कळणारही नाही."

"नाही कळलं," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं नाही कळलं."

दुरुस्तीवाली त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. काकूंचे दोन्ही हात मांडीवर उपडे पडले होते.

"माझाच आवाज आहे तो," त्या म्हणाल्या. "पुढे लावा."

खरखर. कुणीतरी खुर्ची सरकवली. मग ठकीचा आवाज अगदी जवळून आला, तोंड यंत्राला लावल्यासारखा.

"बाबा, आई दमलीय. आपण हळू म्हणू."

आणि कुजबुजत पुढे, कुठेही न अडता: बारा साती चौऱ्याऐंशी. बारा आठे शहाण्णव.

नीट ऐकू येत नव्हतं. दुरुस्तीवालीने आवाज वाढवायला हात पुढे केला. काकूंनी तिचं मनगट धरलं.

"नको," त्या पुटपुटल्या. "हळूच म्हणू दे तिला."