बादली उभी, मुलगी उभी

मी एक बादली. निळी, प्लॅस्टिकची, एका बाजूला कडी जरा वाकलेली. आम्हाला कुणी कधी काही विचारत नाही. भरली की उचलायची, रिकामी झाली की पालथी घालायची, एवढाच आमचा आणि माणसांचा संबंध. पण पालथं पडून पडून मी पुष्कळ ऐकलंय. बादलीत आवाज घुमतो. तुम्ही बोलता आणि विसरून जाता, माझ्यात तो आवाज कितीतरी वेळ फिरत राहतो.

गरम रस साच्यात ओतला आणि मी झाले. तिथलं फार काही आठवत नाही. आठवतं ते दुकान. छताला बांधलेल्या दोरीला आम्ही सगळ्या लटकलेल्या होतो, आणि एक बाई खालून आमची बुडं बघत उभी होती. बरोबर तिची मुलगी होती, अंगानं लहानखुरी, पिशव्या मात्र दोन्ही हातांत धरलेल्या. मुलीला वसतिगृहाच्या शाळेत प्रवेश मिळाला होता आणि तिथं प्रत्येकीला आपली बादली लागते, असं शाळेनं सांगितलं होतं.

त्या आईनं मला खाली उतरवलं, बुडावर टकटक केलं, कडी ओढून पाहिली. एवढ्यावर भागलं नाही म्हणून दुकानदाराकडून पाणी मागून घेतलं आणि मला काठोकाठ भरून बघत बसली. दुकानदार हसला.

"बाई, बादली घेताय की जावई बघताय?"

"जावयाचं पुढचं पुढं बघू," ती म्हणाली. "आधी ही गळत नाही ना, ते बघू द्या."

मी गळले नाही. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

वसतिगृहात आल्यावर पाणी तापवणाऱ्या मावशींनी तापलेल्या खिळ्यानं माझ्या पोटावर नंबर कोरला. चटका बसला, पण त्याबरोबर मी कुणाची तरी झाले. मुलगी आठवडाभर उशीत तोंड घालून रडली. मग हळूहळू रुळली. लहानखुरी असून भरलेली बादली एकटी उचलून न्यायची, म्हणून मुलींनी तिचं नाव ठेवलं मुंगी.

तिथं मागच्या अंगणात एक मोठा बंब होता. सगळ्या वसतिगृहाला गरम पाणी त्या एका नळातून मिळायचं. मुली गारठ्यात उभ्या कशाला राहतील? त्या बादल्या रांगेत लावून परत पांघरुणात शिरायच्या. मावशींचा नियम होता, बादली उभी म्हणजे मुलगी उभी. कुणी दुसरीची बादली हलवायची नाही, उचलून मागं ठेवायची नाही. हलवलीच तर मावशी त्या मुलीला गार पाण्यानं आंघोळ करायला लावायच्या. एका जागी एकच बादली. फक्त सख्ख्या बहिणींना बादलीत बादली घालून एक जागा धरायची परवानगी होती.

मुंगीला बहीण नव्हती. पण अकरावीत शेजारच्या कॉटवर एक मुलगी आली. इतकी उंच की पहिल्या दिवशीच तिची शिडी झाली. तिची बादली हिरवी होती. संध्याकाळी दोघी आम्हाला अंगणात पालथं घालायच्या आणि आमच्यावर बसून अभ्यास करायच्या. मुंगीचं वजन मला एरवी जाणवायचंसुद्धा नाही. पण शिडी समोर येऊन बसली की ती पाठ ताठ करून, श्वास धरून बसायची. मला बुडावर कळायचं ते. तिला स्वतःला कधी कळलं, ते मात्र मला माहीत नाही.

थंडी पडली तशी शिडीनं आपली हिरवी बादली माझ्यात घालून ठेवायला सुरुवात केली. मावशींनी पाहिलं, पण बोलल्या नाहीत. माझ्या आयुष्यातले तेच दिवस काय ते उबेचे. रांगेत मला पहिल्यांदाच एकटं वाटत नव्हतं.

आणि एक दिवस आम्ही अडकलो.

साबणाचं पाणी आत राहिलं होतं, थंडीनं सगळं आखडलेलं. हिरवी माझ्यात अशी घट्ट बसली की निघेना. शिडी ओढतेय, मुंगी मला पायांत धरून बसलीय, मागं रांग खोळंबलेली. रांगेत एक मुलगी होती, तिची जीभ अशी चालायची की तिला सगळ्या कात्री म्हणायच्या. ती म्हणाली, "अगं राहू द्या गं. लग्न लागलंय त्यांचं."

सगळ्या हसल्या. शिडीसुद्धा हसली. मुंगीनंही हसायला हवं होतं. हसली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तिचा हात माझ्या कडीवर होता, आणि खाली बघतच ती म्हणाली, "लागलं असतं तर किती बरं झालं असतं."

एवढंच. पण ज्या आवाजात ती म्हणाली, त्यात चेष्टेचा कणसुद्धा नव्हता. हसायच्या जागी ती खरं बोलली. शिडीचं हसू तिथंच थांबलं, आणि तिनं मुंगीकडं असं बघितलं की बाकीच्यांना आणखी काही सांगायची गरज उरली नाही.

मावशी पुढं झाल्या. आतल्या बादलीत गार पाणी ओतलं, माझ्यावर बाहेरून गरम पाणी सोडलं. हिरवी सुळकन बाहेर आली. मावशी कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "चला, पुढं चला."

दुपारपर्यंत गोष्ट रेक्टरबाईंच्या कानावर गेली. त्यांनी शिडीच्या वडलांना फोन लावला, आणि ते दुसऱ्याच दिवशी येऊन थडकले. मुंगी तेव्हा वर्गात होती. शिडी एकटी खोलीत आली, ट्रंक भरली, हिरवी बादली उचलली. मग परत वाकली आणि कॉटखालून मला पुढं ओढलं. दारात वडील उभे होते, म्हणून ती तोंड माझ्या अगदी काठाशी आणून हळूच बोलली.

"मुंगे, जाते गं."

मला वाटलं, आता मला फक्त तोंड हवं होतं. मुंगी आली, तिनं रिकामी कॉट पाहिली, आणि बराच वेळ ती जमिनीवर माझ्याशेजारी बसून राहिली. तो निरोप माझ्या आत फिरत होता आणि मला तो देता येत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून रेक्टरबाईंच्या सांगण्यावरून मला रांगेत जागा नव्हती. भिंतीजवळ, नालीच्या बाजूला मला वेगळं ठेवायचं, सगळ्यांचं झाल्यावर पाणी घ्यायचं. सगळ्यांचं होईतो नळाला गार पाणीच येई. ना कुणी मुंगीला मारलं, ना कुणी शिवी दिली. फक्त ती आली की बाकड्यावर सगळ्या थोड्या थोड्या सरकायच्या. मी भिंतीजवळून रांगेकडं बघत असे. माझी रोजची जागा कुणी घेतली नव्हती. दोन बादल्यांच्या मध्ये ती तशीच मोकळी राहायची, आणि ते बघणं मला जास्त जड जाई.

मग मुंगीच्या आईला बोलावलं. मुलीला घेऊन जा, असं तिला फोनवर सांगितलं होतं. का, तेही सांगितलं होतं. आई सातवी शिकलेली. मुलगी शिकावी म्हणून शिलाई मशीनवर वाकून वाकून तिची मान धरली होती. आली ती घाबरीघुबरी, पदराला घाम पुसत. कॉटवर टेकलीही नाही, लगेच मला ओढलं आणि माझ्यात सामान भरायला लागली. साबण, तेलाची बाटली, मोजे. तोंडानं चाललं होतं की लोक काय म्हणतील, मामांना काय सांगायचं, मी लहानपणी तुला एकटीला घरात ठेवून कामाला जायचे त्याचंच हे झालं का.

"आई, तू काही केलं नाहीस," मुंगी म्हणाली. "कुणीच काही केलं नाही. मी अशीच आहे."

"पण ते चेष्टेतच म्हणालीस ना?"

मुंगीला तिथं सुटका होती. एक हो म्हटलं असतं तर आई रेक्टरबाईंकडं धावत गेली असती. ती म्हणाली, "नाही. चेष्टा नव्हती ती."

आई नुसती मोज्यांची घडी घालत राहिली, उलगडत राहिली. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "जेवलीस का?" आणि पोरीचा हात हातात घेतला. हात फुटलेले होते, बोटांच्या सांध्यांवर रक्ताच्या रेघा.

"हे काय? गरम पाणी नाही का इथं?"

मुंगीनं सांगितलं. भिंत, नाली, सगळ्यांच्या नंतर. तक्रार म्हणून नाही, विचारलं म्हणून सांगितलं.

आईनं माझ्यातलं सामान एकेक करून बाहेर काढलं. साबण, तेलाची बाटली, मोजे. मी रिकामी झाले.

ती रात्र आई पाहुण्यांच्या खोलीत राहिली आणि उजाडल्यावर मला घेऊन स्वतः अंगणात आली. मला भिंतीजवळ नाही, रांगेत ठेवलं. त्याच मोकळ्या जागेत. आणि माझ्याशेजारी उकिडवी बसली. मुंगी भिंतीजवळ उभी होती, तिला पुढं यायचा धीर होईना. मावशींनी बंबात लाकूड सारलं आणि काही पाहिलंच नाही असं दाखवलं.

रेक्टरबाई आल्या. वाईट बाई नव्हती ती, घाबरलेली होती. म्हणाल्या, बाकीच्या मुलींच्या आयांना मी काय सांगू?

"मीपण आईच आहे," आई म्हणाली. "मला काय सांगणार, तेवढं आधी सांगा. तिनं कुणाचं काही चोरलं? कुणाला त्रास दिला?"

"तसं काही नाही हो. पण उद्या हिचं लग्न कसं व्हायचं, काही विचार केलाय का तुम्ही?"

"त्याचं पुढचं पुढं बघू," आई म्हणाली. ती जागची उठली नाही. "आधी तिला गरम पाणी मिळू द्या."

रांगेत सगळ्या उभ्या होत्या. त्या दिवशी पांघरुणात कुणीच परतलं नव्हतं. माझ्या पुढंही अंतर होतं, मागंही. तेवढ्यात मागून एक लाल बादली पायानं ढकलत ढकलत आली आणि माझ्या बुडाला खेटून थांबली. ती कात्रीची होती. ती कुणाकडं न बघता म्हणाली, "मध्ये कशाला एवढी जागा सोडलीय? लांबतेय उगीच रांग. मुंगे, ये की, तुझा नंबर येईल आता."

आणि मावशींनी रेक्टरबाईंना, नळाकडं बघतच, म्हटलं, "मॅडम, बादली उभी म्हणजे मुलगी उभी. नियम जुनाच आहे."

मुंगी आली. मी भरले. इतक्या दिवसांनी माझ्यातून वाफ निघाली, आणि आईनं पोरीचे फुटलेले हात धरून त्या वाफेवर ठेवले.

मुंगी परीक्षेपर्यंत राहिली, बारावीही तिनं तिथूनच केली. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. काहीजणी शेवटपर्यंत सरकूनच बसल्या. शेजारची कॉट रिकामीच राहिली. शिडीचं पुढं काय झालं, ते मला कळलं नाही, मुंगीलाही नाही. संध्याकाळी ती मला पालथं घालून एकटीच बसायची, आणि तिची पाठ पूर्वीसारखी ताठ होत नसे.

जाताना तिनं मला नेलं नाही. मावशींना म्हणाली, एखादीकडं बादली नसेल तर तिला द्या. मग मी किती हातांतून गेले. आता माझं बूड तडकलंय, पाणी राहत नाही. मावशींच्या जागी दुसरी बाई आलीय, ती माझ्यात बंबाच्या ढलप्या भरते. मी अंगणाच्या कोपऱ्यात असते, बरोबर त्या भिंतीजवळ. सगळं गळून जातं माझ्यातून, एक 'मुंगे, जाते गं' तेवढं गळत नाही. ज्या वसतिगृहात ते पोचवायचं होतं, तिथंच ते घेऊन मी बसलेय.

हल्ली पुन्हा एक पिवळी बादली रांगेपासून थोडी लांब उभी असते. तिची मुलगीही लांबच उभी असते. का, ते मला ऐकू आलेलं नाही, पण ते अंतर मी ओळखते. मला सरकता येत नाही. तुम्ही कुणाची आई असाल, शाळेतल्या बाई असाल, रेक्टर असाल, नाहीतर रांगेतलीच एखादी असाल. तुम्हाला हात आहेत, पाय आहेत. तिला काही समजावू नका, काही विचारूही नका. फक्त तुमची बादली जरा पुढं ढकला, तिच्या बादलीला लागेपर्यंत. पाणी अजून गरम आहे.