पांढऱ्यात पांढरं

लहानपणापासून ताई काडी आणि मी भोपळा. माझ्या ताटाकडे बघून तिनं मारलेले टोमणे आठवायला बसले तर दिवस पुरायचा नाही. त्यामुळे तपासणीच्या खोलीत, गाऊनमध्ये कुडकुडत उभी राहून ती जेव्हा म्हणाली, "माझ्या अंगावर चरबीच नाही, गाठ लपणार कुठे?" तेव्हा मला हसूही आलं आणि तिचा रागही आला.

स्तनांचे फोटो काढायच्या या मशीनवर मी अठरा वर्षं काम करतेय. माझ्यासारख्या जाड बाईचा फोटो बहुधा काळा येतो, कारण चरबी काळी दिसते. त्यात गाठीचा पांढरा ठिपका चटकन डोळ्यांत भरतो. सडपातळ बायकांत पुष्कळदा चरबी कमी आणि ग्रंथींचा दाट भाग जास्त. तोही पांढरा, गाठही पांढरी.

"श्वास रोख," मी म्हणाले आणि बटण दाबलं.

पडदा पांढराफटक झाला. मी बघत राहिले आणि मला वाटलं, आतून कुणीतरी माझ्याकडे बघतंय. फोटो उजळ केला, मंद केला, मोठा केला. ते जे कोण होतं, त्यानं जागाही सोडली नाही आणि तोंडही दाखवलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दाट आहे. वेगळं काही दिसत नाही."

"दिसत नाही, की नाहीच?"

त्यांनी फोटो पुन्हा एकदा जवळून पाहिला. "सोनोग्राफी करून घेऊ."

ताई वैतागली. "तुला मेलीला सगळीकडे भुतं दिसतात!"

"दिसू देत. तू गुपचूप आडवी हो."

सोनोग्राफीत उलटं असतं. दाट भाग पांढरा, गाठ काळी. डॉक्टरीणबाईंचा हात हळूहळू फिरत होता, पडद्यावरून पांढरं सरकत होतं. एका जागी हात थांबला. तिथे वेड्यावाकड्या कडांचं काहीतरी काळं मुकाट बसलं होतं. मला भीती वाटली, आणि ओळखही पटली.

"सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवू," त्या म्हणाल्या.

ताईनं माझा हात घट्ट धरला. "कधीपासून असेल गं हे?"

मी तिचा मागच्या वर्षीचा फोटो उघडला. तोही पांढरा. तेव्हा ते आत होतं की नव्हतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तो फोटो मीच काढला होता. आणि रिपोर्ट आल्यावर फोन करून मीच तिला म्हणाले होते, "ठणठणीत आहेस, निवांत राहा."