सुतारकाकांच्या दहा पट्ट्या

मी बोलतोय. सभागृहाच्या दारातून आत शिरलात, की डाव्या हाताला लागतो तो सूचनाफलक. आजवर माझ्यावर लावलेलं लोकांनी वाचलं. मलाही काही सांगायचं असेल, असं कुणाच्या मनात आलं नाही. तक्रार नाही. कचेरीतल्या कारकुनाबद्दलही ते कुणाच्या मनात येत नाही.

माझा जन्म एका मोडीत काढलेल्या दारातून झाला. मागच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी आपल्या अंगणात त्या दाराच्या फळ्यांवर चार दिवस रंधा मारला, चौकट केली, आत मऊ फळी बसवली आणि तिच्यावर हिरवं कापड ताणलं. तीन कोपरे नेमके जुळले. चौथा, खालचा डावा, केसभर उघडा राहिला.

"राहू दे तसाच. कोण बघतंय?" काकू म्हणाल्या.

"मी बघतोय ना," काका म्हणाले, आणि फटीत सरस भरून त्यांनी तो कोपरा अंगठ्याने दाबून धरला, पार चहा गार होईपर्यंत.

तेव्हापासून काका सभागृहात कशासाठीही आले, की आधी माझ्यापाशी थांबायचे आणि तो कोपरा अंगठ्याने दाबून बघायचे. बाकीचे लोक एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतात, त्यातलाच हा प्रकार. मला तरी दुसरं कुणी काही विचारत नव्हतं.

थंडी ओसरली, की माझे सुगीचे दिवस यायचे. आई आणि मुलांचं मातीकाम, आजोबा-नातवंडांचे बुद्धिबळाचे डाव, कुंड्यांत रोपं लावण्याची रविवारची सकाळ, बाबांसाठी स्वयंपाकाची तोंडओळख. या शेवटच्या वर्गात नावं नेहमी बायकाच नोंदवायच्या. बाबांना ते मागाहून कळायचं. रंगीबेरंगी कागदांखाली माझं हिरवं कापड दिसेनासं व्हायचं. एक कोपरा मात्र काचेआड, कुलपात. तिथे सभागृहाचे नियम लावलेले आहेत. ते कुणी वाचलेले नाहीत. वाचले असते, तर सातवा आणि नववा नियम एकमेकांच्या विरुद्ध आहेत, हे एव्हाना कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

मग लोक सगळं हातातल्या फोनवरच वाचू लागले. माझ्यासमोर उभं राहून, माझ्याकडे पाठ करून, मी सांगत असलेलीच बातमी फोनमध्ये शोधू लागले. माझं हिरवं कापड पुन्हा दिसू लागलं. जिथे कागद असायचे तिथे ते गडद आहे, बाकीचं विटलंय. त्या गडद चौकोनांवरून कुठला वर्ग कुठे असायचा, ते मी अजून सांगू शकतो. कुणी विचारलं तर.

यंदा थंडी सरता सरता काका स्वतःच एक कागद घेऊन आले. दुकान बंद करून त्यांना तीन वर्षं झाली होती. हत्यारं तेल लावून चादरीखाली ठेवलेली. लेक आणि नातवंडं समुद्रापलीकडे, दर आठवड्याला फोनवर "आजोबा, आवाज येतोय का?" एवढंच संभाषण नीट पार पडायचं. कागदावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "पक्ष्यांसाठी लाकडी घर बनवू या. मुलांनी आईबाबांना सोबत आणावे. लाकूड आमचे, हत्यारे आमची, बोटे तुमची, म्हणून सांभाळून." खाली कात्रीने कापलेल्या दहा उभ्या पट्ट्या, प्रत्येकीवर घरच्या फोनचा नंबर. ज्याला यायचं त्याने एक फाडून न्यावी.

व्यवस्थापकबाईंनी त्यावर शिक्का मारला आणि म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी बारापर्यंत पाच कुटुंबांची नावं हवीत, काका. नाहीतर खोली पोट कमी करण्याच्या वर्गाला द्यावी लागेल. त्यांची रांग लागलीय."

"पोटं काय, कुठे पळून जाताहेत?"

"पोटं नाही जात. खोली जाते."

काकांनी कागद लावला, माझा कोपरा दाबला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या मोजायला हजर झाले. दहा. तिसऱ्या दिवशीही दहा. चौथ्या दिवशी त्यांनी मोजलं नाही. नुसतं पाहिलं आणि पायऱ्या उतरताना कठड्याला धरलं. आधी कधी धरत नसत.

त्याच दुपारी काकू आल्या. हातात भाजीची पिशवी. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि झटकन एक पट्टी फाडून तिची चौघडी करून पिशवीत टाकली. काकू प्रत्येक कागदाची चौघडी करतात. डॉक्टरच्या चिठ्ठीचीही करतात आणि मग औषधवाल्याला ती उलगडत बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी बाईंना हाक मारली. "एक गेली."

"अरे वा. फोन आला?"

"येईल. मुलांना विचारून करतील ना."

मग रोज एक, कधी दोन. काकू फाडत होत्या आणि काका हरखत होते. जेवढ्या पट्ट्या गेल्या तेवढ्या घरांच्या फळ्या त्यांनी कापून ठेवल्या. छोटी हातोडी शोधून काढली. फिरायला जाणं बंद केलं, न जाणो तेवढ्यात कुणाचा फोन आला तर. फोन काही येत नव्हता. "लोक लाजतात," ते बाईंना समजावून सांगायचे. बाई मान डोलवायच्या. त्यांना नावं हवी होती, पट्ट्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी काकूंनी दहावी पट्टी फाडली. कागदाच्या खाली फक्त दातेरी कड राहिली.

आणि माणसांचं नशीब बघा. त्यानंतर तासाभरात एक बाप आणि त्याची पुढचे दात पडलेली मुलगी आत आली. मुलीने माझ्यावरची सूचना मोठ्याने वाचून काढली, अडखळत, पण शेवटपर्यंत. बोट दातेरी कडेवरून फिरवलं.

"बाबा, सगळे नंबर संपले."

"वर्ग भरला असणार. बघ, किती लोकांना हौस."

"आपण उशीर केला?"

"केला खरा."

नंतर एक आजी जुळ्या नातवांना घेऊन आली. तिनेही तेच म्हटलं, "भरला वाटतं," आणि नातवांना चॉकलेटवर वळवलं. समोरच कचेरी, आत बाई बसलेल्या. पण पट्ट्या संपलेल्या दिसल्या, की चौकशी करावी असं माणसाला वाटत नाही. आयुष्यात एकदाच मला वाचा हवी होती आणि ती त्या दिवशी. चार शब्द पुरले असते. मी टाचण्या सांभाळत बसलो.

दुपारी तो बाप आणि ती मुलगी पुन्हा आली. एखादी पट्टी खाली पडली असेल, म्हणून मुलगी माझ्याखाली गुडघे टेकून शोधत होती. नेमक्या तेव्हाच काकू आल्या. काकांना आनंद झालेला त्यांना लांबून बघायचा होता.

"काय हरवलं गं?"

"नंबर. पक्ष्यांच्या घराचा. वर्ग भरला, पण कुणी आलं नाही तर आम्हाला घेतील ना?"

काकूंनी भिंतीला हात टेकला. पिशवी धुंडाळली. पट्ट्या तिच्यात कुठून असणार? त्या घरी होत्या. "थांबा, कुठे जाऊ नका," म्हणत त्या गुडघा धरून निघाल्या आणि परत आल्या तेव्हा तिथे कुणी नव्हतं. त्यांनी दहाही पट्ट्या उलगडल्या, तळव्याने सपाट केल्या आणि एकेक टाचणी लावून माझ्यावर, होत्या तिथे, ओळीने टोचल्या. घाईघाईत दोन टाचण्या वाकड्या गेल्या.

संध्याकाळी काका आले. दहा पट्ट्या पाहिल्या. प्रत्येकीवर चौघडीच्या घड्या. बाजूच्या बाकावर काकू बसल्या होत्या.

काकांनी एका घडीवरून बोट फिरवलं.

"कुठे ठेवल्या होत्यास?"

"साखरेच्या डब्याखाली."

"म्हणजे दहाही विद्यार्थी आपल्याच घरी होते. मी उगाच फोनपाशी बसलो."

"रागावलात?"

"नाही. दहा घरांच्या फळ्या कापून झाल्या, त्यांचं काय करू ते सांग."

काकूंनी मग मुलीची गोष्ट सांगितली. काका माझ्यापाशी आले, कोपरा दाबला, आणि काकूंना हात देऊन उठवलं.

शनिवारी बारापर्यंत दोन फोन आले. एक त्या बापाचा. मुलीने त्याला सकाळी पुन्हा ओढत आणलं होतं. दुसरा जुळ्यांच्या आजीचा; तिलाही नातवांनी परत यायला लावलं होतं. दोन म्हणजे पाच नव्हेत. बाईंना वाईट वाटलं, पण नियम काचेआड होता. खोली पोटांना मिळाली.

वर्ग मात्र झाला. काकांच्या घरी, मागच्या अंगणात, चादर काढलेल्या हत्यारांसमोर. दोनाची चार कुटुंबं झाली, असं बाईंकडून कानावर आलं. कुणीतरी अंगठा ठेचून घेतला, आणि तो बाप होता. मुलीचं घर इतकं वाकडं झालंय, की पक्षी आत शिरण्याआधी विचार करतो म्हणे. आता दर सुट्टीला वर्ग भरतो आणि काका एकदम खुशीत असतात.

मला आनंद आहे. खरंच आहे. फक्त त्यांना आता सभागृहात यायचं कारण उरलेलं नाही. हातोडीचा आवाज मागच्या गल्लीत होतो आणि माझ्या भिंतीपर्यंत पोचत नाही. मी त्याच अंगणात जन्मलो. आता तिथे मुलं बसतात आणि इथे माझ्यासमोर लोक पोटावरून हात फिरवत वजनाच्या गोष्टी करतात. पुढच्या थंडीनंतर माझ्या जागी उजेडाची पाटी येणार आहे; तिच्यावरची अक्षरं आपोआप सरकतील.

खालचा डावा कोपरा सुटलाय. रोज थोडा थोडा. बाईंनी काकांची सूचना काढली, तेव्हा एक पट्टी निसटून त्या फटीत अडकली. घड्यांमधूनही नंबर नीट वाचता येतो. तुम्ही इथवर वाचत थांबलाच आहात, तर एवढं करा. ती पट्टी काढून घ्या आणि फोन करा. उचलतील, घरीच असतात. वर्गात नाव नोंदवायचं असेल तर नोंदवा, पण आधी त्यांना सांगा, फलकाचा कोपरा सुटलाय. अंगठा लागेल.